रोशा : खानदेशच्या एका सुगंधाचा हरवलेला पत्ता

गेल्या दिवाळीच्या आधी माझा भाचा आखातातून सुटीवर आला होता. तिथल्या साहेबांच्या कपड्यांना येणारा ऊदाचा वास त्याच्या मनात भरला होता. ज्या झाडाचे ते तेल, ते झाड हिंदुस्थानातले. तेव्हा इकडे ते स्वस्त आणि अस्सल मिळेल, असा त्याचा हिशेब. "मामा, तुम्ही जुन्या वासांच्या मागे असता. खरे ऊद कुठे घ्यायचे ते सांगा," असे तो म्हणाला आणि आम्ही दोघे जळगावला गेलो. एका दुकानात मखमली डबीतली पाव तोळ्याची कुपी निघाली. 'आसामचे अस्सल अगरतेल' असे दुकानदार म्हणाला. रंग काळपट तपकिरी, वास भारदस्त. अकराशे रुपये मोजले, मनगटाला लावले, थोडे रुमालाला लावले आणि धुळ्याच्या बसमध्ये बसलो. पारोळा येईपर्यंत वास गेलेला होता. रुमालावरचा तेलकट डाग मात्र आजही आहे.

घरी बहिणीने रुमाल नाकाला लावला आणि म्हणाली, "यापेक्षा आजीचे तिखाडीचे तेल बरे होते. दोन दिवस गोधडीला वास यायचा."

तिखाडीचे तेल म्हणजे रोशाचे तेल. आजी ते तिळाच्या तेलात मिसळून गुडघ्यांना चोळायची. ते कुठून यायचे हे आम्ही कधी विचारले नाही. अगरतेल अस्सल की नक्कल हा प्रश्न घेऊन मी बसलो होतो खरा, पण बहिणीच्या त्या एका वाक्याने मला घराजवळच्या गोष्टीकडे वळवले. या लेखात दोन्ही तेलांची हकिकत आहे. एकाचे नाव सर्वत्र राहिले आणि वस्तू दुर्मीळ झाली. दुसऱ्याची वस्तू जगभर गेली आणि नाव मागे राहिले. हे दुसरे तेल आपल्या खानदेशचे.

नाव एकाचे, वस्तू दुसऱ्याची

मराठीत 'ऊद घालणे' म्हणजे निखाऱ्यावर एक सुगंधी डिंक टाकून धूर करणे. हा डिंक लोबानाच्या जातीचा. सुमात्रा आणि सयामकडच्या झाडांचा. अरबीत 'ऊद' या शब्दाचा मूळ अर्थ लाकूड किंवा काठी, आणि सुगंधाच्या व्यवहारात अगरूचे लाकूड. शब्द आपल्याकडे आला तो दुसऱ्याच वस्तूला चिकटला. त्यामुळे उदबत्तीत अरबांचा ऊद नसतो आणि अगरबत्तीत अगर नसतो. पोर्तुगीजांनी अगरूचे 'आगिला' केले. त्या शब्दाचा आवाज गरुडाच्या नावाशी जुळतो, म्हणून इंग्रजांच्या बाजारात हे लाकूड 'गरुडाचे लाकूड' होऊन बसले. खुद्द संस्कृतात 'अगुरु' या शब्दाची सरळ फोड केली तर 'जड नाही ते' असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात उत्तम अगरू इतके जड की पाण्यात बुडते. चिनी भाषेत त्याला 'बुडणारा सुगंध' अशा अर्थाचेच नाव आहे.

अगरूची पारख हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोषात ठेवायच्या मौल्यवान वस्तूंमध्ये अगरूचे जोंगक, दोंगक आणि पारसमुद्रक असे प्रकार रंगासह दिले आहेत. चांगल्या अगरूचे गुणही सांगितले आहेत. तो वजनाला जड असावा, स्पर्शाला स्निग्ध असावा, वास दूर पसरावा, आगीत टिकून हळूहळू धुपावा आणि घासला तरी वास जाऊ नये. ही सगळी परीक्षा लाकडाची आहे, हे लक्षात घ्यायला हवे. तेल काढण्याचा तपशील पुढच्या काळात येतो. 'ऐन-इ-अकबरी'त सुगंधांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात अगराच्या लाकडापासून 'चुवा' काढण्याची रीत आहे. लाकूड हातात घेऊन तोलता येते, जाळून पाहता येते. तेल एकदा कुपीत गेले की पारख नाकावर आणि विक्रेत्याच्या शब्दावर येते. फसवणुकीला वाव तिथेच मिळतो.

अगरूचे झाड मुळात सुगंधी नसते. त्याचे निरोगी लाकूड पांढरट, हलके आणि जवळजवळ बिनवासाचे असते. खोडाला जखम झाली, किडीने पोखरले, त्यात बुरशी शिरली, की झाड आतल्या आत राळ सोडते आणि ते लाकूड काळे, जड व सुगंधी होते. सगळ्याच झाडांत हे घडत नाही, म्हणून वस्तू महाग. आसामात होजाई ही या व्यापाराची मोठी पेठ आहे. तिथे लाकडाचे बारीक तुकडे करून ते दिवसेंदिवस पाण्यात भिजवतात आणि मग भट्टीवर त्यांचे तेल काढतात. रानातली झाडे बेसुमार तुटल्यामुळे १९९५ पासून या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे नियंत्रण आहे. आज ईशान्येत अगराच्या बागा आहेत. बाजारातले बरेच अस्सल तेल लागवडीच्या झाडांचेच असते आणि त्यात कमीपणा काही नाही.

मग घ्यायचे कसे? फसल्यानंतर मी जाणकारांकडून आणि वाचनातून जे जमवले ते थोडक्यात असे. पहिली खूण किंमत. तोळ्याला काही हजारांच्या खाली निर्भेळ अगरतेल मिळण्याची आशा धरू नये. दुसरी खूण वेळ. अस्सल तेलाचा वास दर तासाला बदलतो. प्रथम आंबूस, काहीसा गोठ्यासारखा उग्र वास येतो, तो मागे पडून लाकडाचा गोडसर वास वर येतो, आणि लोकरीच्या कापडावर तो दुसऱ्या दिवशीही सापडतो. दुकानात पहिल्या मिनिटालाच सर्वांगसुंदर वाटणारे तेल तिथेच विकत घेऊ नये. मनगटाला लावून घरी यावे आणि संध्याकाळी ठरवावे. तिसरी गोष्ट कागदाच्या डागाची. हलके सुगंधी तेल कागदावरून उडून जाते आणि खाद्यतेल डाग ठेवते, ही परीक्षा पुष्कळांना माहीत आहे. अगरतेल मात्र स्वतःच जड आणि राळेचे, त्यामुळे त्याचा डाग राहू शकतो. पाहायचे ते एवढेच की डाग राहिला तर त्याबरोबर वासही राहिला का. माझ्या रुमालावर डाग राहिला आणि वास गेला, याचा अर्थ उघड होता. कुपीत बिनवासाचे पातळ करणारे द्रावण होते आणि त्यात चिमूटभर कृत्रिम सुगंध. पक्के हवे असेल तर कनोजला १९९१ पासून सुगंध व स्वाद विकास केंद्र आहे. अशा प्रयोगशाळेत तेलाच्या घटकांचा आलेख काढता येतो.

आणि वापर? थेंबाचाही अंश पुरे. काचेच्या काडीने मनगटाला आणि कानामागे टेकवावे, किंवा जुन्या रीतीने कापसाचा फाया करून कानात ठेवावा. चोळू नये. त्वचा नाजूक असेल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी.

एवढे झाल्यावर मी बहिणीच्या वाक्याकडे वळलो.

नंदुरबारच्या शंभर भट्ट्या

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि पुढच्याच महिन्यात हे मंडळ उभे राहिले. महाविद्यालयाची पायरी फारशी न चढलेल्या माझ्यासारख्याला जुने कागद वाचायची सवय तिथल्या कपाटांनी लावली. १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशचा बारावा खंड मी पूर्वी अनेकदा चाळला होता, पण शोध असे तो भिल्लांचा, कापसाचा, किल्ल्यांचा. या वेळी गवत शोधत गेलो आणि एक संपूर्ण उद्योग सापडला.

तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग १९०६ साली झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. रोशाचे गवत मुख्यतः पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात, म्हणजे पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे या बाजूंना.

गॅझेटियरमधले वर्णन बारकाईचे आहे. तेल काढणारे कारागीर मुसलमान. पावसाळा सरत आला, साधारण सप्टेंबरात गवत पिकू लागले, की ते भिल्लांकडून गवत विकत घेत आणि त्याच्या गंजी रचत. जिथे लाकूड आणि पाणी दोन्ही मुबलक, अशा ओढ्याच्या काठी भट्टी लागे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल असा खड्डा खणून चूल करायची. तिच्यावर तीस ते पन्नास घागरी पाणी मावेल एवढी तांब्याची किंवा लोखंडाची कढई. तळाशी थोडे पाणी, वर काठोकाठ चिरलेले गवत, पुन्हा थोडे पाणी. तोंडावर धातूचे झाकण आणि ते कणकेने लिंपून बंद. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. ती कापडाने गुंडाळलेली, पिठाने लिंपलेली, दोरीने आवळलेली असे. नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या बंद भांड्यात. वाफ तिथे थंड होऊन साचे. भांडे भरले की थरथरू लागे, तीच खूण. मग नळी हलक्या हाताने काढायची, पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचे आणि वर तरंगणारे तेल निथळून घ्यायचे. उरलेले सुवासिक पाणी पुढच्या गवताबरोबर पुन्हा भट्टीत.

भांडे थरथरण्याची ही खूण वाचून मी थांबलो. घड्याळ नाही, तापमापक नाही, नळी कधी काढायची हे हाताला आणि कानाला माहीत. असे ज्ञान कागदावर क्वचित येते. इथे एका सरकारी अहवालात एका वाक्यापुरते आले आहे.

१८७९-८० या वर्षी अशा १९७ भट्ट्या चालू होत्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट तेल निघाले, असे गॅझेटियर सांगते. आजच्या मापात हे सुमारे ३,६०० किलो. शंभरावर भट्ट्या एकट्या नंदुरबारात होत्या.

या गवताला मराठीत रोशा आणि तिखाडी, संस्कृत वैद्यकात रोहिष. शास्त्रीय नाव मात्र एका फ्रेंच माणसाचे आहे. क्लॉड मार्टिन हा लखनौत राहणारा लष्करी अधिकारी टिपूविरुद्धच्या मोहिमेत होता. दख्खनच्या बालाघाटी मुलखात त्याला हे गवत दिसले, त्याने बी गोळा करून लखनौत पेरले आणि कलकत्त्याला विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पाठवले. रॉक्सबर्गने गवताला मार्टिनचे नाव दिले; ते आजही 'सिंबोपोगॉन मार्टिनी' आहे. नाव जाण्याची सुरुवात इथूनच झाली म्हणायची.

तेल काढणारे मात्र शास्त्रज्ञांच्या पुढे होते. ते या गवताचे 'मोतिया' आणि 'सोफिया' असे दोन प्रकार ओळखत. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर सुट्या ठोंबांनी वाढते आणि त्याच्या तेलाला गुलाबासारखा वास असतो. सोफिया ओलसर सखल जागी दाट वाढते आणि त्याचे तेल उग्र, हलक्या मोलाचे. दिसायला दोन्ही इतकी सारखी की वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हा भेद नीट नोंदला जायला १९०९ साल उजाडले. त्या वर्षी बर्किल यांनी त्यावर निबंध लिहिला. रानात गवत कापणाऱ्याला तो उतार पाहून आणि चिमूट चुरगाळून कळत होता.

कोंडाईबारीपासून कझानलिकपर्यंत

तेल कातड्याच्या बुधल्यांत भरले जाई. बैलांच्या पाठीवर काही बुधले कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जात, काही धुळे आणि मनमाड मार्गे मुंबईला. आज साक्रीहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो. ट्रकांच्या रांगेत अडकलो की मला हमखास ते बुधले आठवतात.

मुंबईहून तेल तांबड्या समुद्रातल्या जेद्दासारख्या बंदरांकडे आणि तिथून इस्तंबूलला जाई. तिथे त्याला नवे नाव मिळे. तुर्कांच्या बाजारात ते 'इद्रिस यागी', युरोपच्या बाजारात 'तुर्की जिरॅनियम तेल'. जिरॅनियम नावाच्या झाडाचा त्यात अंशही नव्हता आणि ते तुर्कस्तानचेही नव्हते. नंदुरबारच्या ओढ्याकाठी निघालेले तेल, केवळ ज्या बंदरातून पुढे गेले त्या बंदराचे झाले.

इस्तंबूलला ते कशासाठी हवे होते? त्या काळी गुलाबाच्या अत्तराचे सर्वांत मोठे उगमस्थान म्हणजे बल्गेरियातले कझानलिकचे खोरे, आणि ते १८७८ पर्यंत तुर्की सुलतानाच्या ताब्यात होते. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात. उलट शंभर किलो ताज्या रोशाच्या गवतातून अर्ध्या किलोपर्यंत तेल निघते. वास जवळचा आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. व्यापाऱ्याला आणखी काय हवे? रोशाचे तेल लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर हलवून धूत, पसरट भांड्यांत घालून काही आठवडे उन्हात ठेवत. त्याचा उग्रपणा जाऊन रंग फिकट पिवळा होई, आणि मग ते गुलाबाच्या तेलात मिसळले जाई. काही जण तर फुले भट्टीत घालण्यापूर्वीच त्यांच्यावर ते शिंपडत. फ्लुकिगर आणि हॅनबरी यांनी १८७४ च्या आपल्या औषधिद्रव्यकोशात या कृतीची दखल घेतली आहे.

पारख करणारेही स्वस्थ बसले नव्हते. निर्भेळ गुलाबतेल थंडीत थिजते, कारण त्यात मेणासारखा एक अंश असतो. रोशा मिसळला की ते उशिरा थिजते. खरेदीदार थिजण्याचे तापमान पाहू लागले, तेव्हा भेसळ करणाऱ्यांनी देवमाशाच्या डोक्यातले मेण घालायला सुरुवात केली. जळगावच्या मखमली डबीची परंपरा अशी जुनी आहे.

हे साम्य केवळ नाकाचा भास नव्हता. १८७१ साली याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या भारतीय तेलातून एक द्रव्य वेगळे केले. बाजारात तेलाला जिरॅनियम म्हणत, म्हणून त्या द्रव्याचे नाव पडले 'जिरॅनिऑल'. पुढे कळले की हेच द्रव्य गुलाबातही आहे. मोतियाच्या तेलात त्याचे प्रमाण तीन चतुर्थांशाहून अधिक असते. म्हणजे गुलाबाच्या वासाचा एक मुख्य घटक रसायनशास्त्राला प्रथम हाती लागला तो आपल्याकडच्या गवतातून, आणि त्या घटकाच्या नावातही गवताचा उल्लेख नाही.

याचा अर्थ आपले लोक धुतल्या तांदळासारखे होते असा मात्र नाही. मुंबईचे औषधितज्ज्ञ विल्यम डायमॉक यांनी नोंदवले आहे की मुंबईचे व्यापारी हाती येणाऱ्या रोशाच्या तेलात टर्पेंटाइन किंवा भुईमुगासारखी तेले मिसळत. युरोपच्या हाती शुद्ध रोशा क्वचितच पडे. गुलाबात रोशा, रोशात टर्पेंटाइन. प्रत्येक बंदरावर एक नाव गळत होते आणि एक वस्तू वाढत होती. मला वाटते, 'अस्सल' या शब्दाचा अर्थ इथे नीट कळतो. रोशाचे तेल स्वतःच्या नावाने अस्सल होते. गुलाबाच्या नावाने विकले गेले तेव्हा तेच नकली ठरले. तेल बदलले नव्हते, त्याचा पत्ता पुसला गेला होता.

भारे कोणी मोजले?

आता त्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहू. ३,६०० किलो तेलाला गवत किती लागले असेल? शंभर किलोला अर्धा किलो हा सढळ उतारा धरला तरी ७ लाख २० हजार किलो. त्या काळच्या कच्च्या भट्ट्यांत उतारा याहून कमीच पडत असणार, म्हणजे गवत आणखी जास्त. डोक्यावरचा एक भारा पंचवीस किलोचा धरला तर २८-२९ हजार भारे. हा हिशेब माझा आहे, गॅझेटियरचा नाही. गॅझेटियर भट्ट्या मोजते, तेल मोजते, वाट सांगते. भाऱ्याला काय दर मिळाला हे त्या परिच्छेदात नाही. आजीच्या गुडघ्यांपासून कझानलिकपर्यंत गेलेल्या या तेलाच्या साखळीत पहिले हात भिल्ल बायका-पुरुषांचे होते, आणि इतिहासात त्यांना मिळालेली जागा एवढीच की गवत 'भिल्लांकडून विकत घेत'.

आणखी एक तारीख इथे जोडून पाहायला हवी. गॅझेटियर निघण्याच्या दोनच वर्षे आधी, १८७८ साली, वनकायदा आला. जंगले राखीव आणि संरक्षित अशी वाटली गेली. लाकूड, बांबू, गवत, डिंक या रोजच्या गोष्टी 'वनोपज' झाल्या. जे गवत पिढ्यान्पिढ्या कापले जात होते ते आता परवानगीचा आणि ठेक्याचा विषय झाले. मार्टिनच्या वेळी गवताचे नाव गेले होते, इस्तंबूलला तेलाचे गेले, आणि या कायद्याने ते कापणाऱ्याचा हक्कही पातळ झाला.

पुढची हकिकत लवकर सांगून होते. जावाच्या सिट्रोनेला गवतातून जिरॅनिऑल स्वस्तात निघू लागले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तर ते कारखान्यात, टर्पेंटाइनमधल्या पायनिन या द्रव्यापासून तयार होऊ लागले. ज्या टर्पेंटाइनने मुंबईत रोशा नासवला, त्याच टर्पेंटाइनने अखेर रोशाची जागा घेतली. साबणाच्या धंद्याला गुलाबाचा वास हवा होता. तो गवतातून आला की पिंपातून, हे त्याने पाहिले नाही. इकडे उतारांवर नांगर चढले, गुरे वाढली, लाकूड आटले. ओढ्याकाठी लाकूड आणि पाणी दोन्ही मुबलक, ही भट्टीची पहिली अटच पुरी होईना.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना मी पिंपळनेरच्या बाजूला गेलो होतो. भट्ट्यांच्या जागा दाखवील असा कोणी भेटतो का, हे पाहायचे होते. एका पाड्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाबांना विचारले. ते हसले. "आते कोठे ऱ्हायनं ते!" एवढेच म्हणाले. पण उठले आणि मला पाड्यामागच्या टेकाडावर घेऊन गेले. मुरमाड उतारावर सुटे ठोंब होते, कणसांना तांबूस झाक आलेली. त्यांनी एक कणीस चुरगाळून माझ्या तळहातावर ठेवले. आधी लिंबासारखा, मग स्वच्छ गुलाबाचा वास. "हे मोतिया का?" मी विचारले. तो शब्द त्यांना माहीत नव्हता. "हे वरचं," ते म्हणाले आणि खाली ओढ्याकडे हात केला, "ते खालचं. खालचं गुरंबी खात नाहीत." बर्किलने १९०९ साली लिहिलेला भेद मला त्या टेकाडावर दोन शब्दांत मिळाला.

बाटलीवर काय लिहावे

रोशाचे तेल आज मिळते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, 'पीआरसी-१' आणि 'तृष्णा' यांसारखी सुधारित वाणे काढली आहेत आणि कोरडवाहू जमिनीत त्यांची लागवड होते. बाटलीवर बहुधा 'पामरोझा' असे लिहिलेले असते. मीही एक बाटली मागवली आणि जळगावच्या अनुभवाने शहाणा होऊन तिची परीक्षा घेतली. ज्यांना घ्यायचे असेल त्यांच्यासाठी ती सांगतो, कारण ती अगरतेलाच्या परीक्षेहून सोपी आहे. कागदावर एक थेंब टाकून ठेवावा; शुद्ध रोशा दुसऱ्या दिवसापर्यंत डाग न ठेवता उडून जातो, खाद्यतेल असेल तर पारदर्शक डाग राहतो. दुसरी परीक्षा प्रयोगशाळेत किंवा ओळखीच्या रसायनाच्या शिक्षकाकडे करावी. सत्तर टक्के अल्कोहोलच्या तीन भागांत एक भाग तेल स्वच्छ विरघळले पाहिजे. टर्पेंटाइन, रॉकेल किंवा खाद्यतेल मिसळलेले असेल तर द्रावण गढूळ होते. आणि अंगाला लावताना ते निखळ लावू नये. आजीप्रमाणे तिळाच्या तेलात काही थेंब पुरेत.

माझी बाटली दोन्ही परीक्षांत उतरली. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाच्या तेलात बहिणीने त्याचे थेंब टाकले. भाच्याने हात नाकाशी नेऊन विचारले, "मामा, हे कोणत्या कंपनीचे?" त्याला गॅझेटियरचे ते पान वाचून दाखवायला मला अर्धा तास लागला.

या लेखाला एक मोठी उणीव आहे आणि ती मला एकट्याला भरून काढता येणार नाही. सरकारी बाजू कागदावर आहे, परदेशी बाजू कागदावर आहे. भट्टीवाल्यांची आणि भारे वाहणाऱ्यांची बाजू नाही. नंदुरबार, शहादे, तळोदे, साक्री, धुळे इथल्या जुन्या घरांत, विशेषतः अत्तर-तेलाच्या आणि किराण्याच्या व्यापारात असलेल्या मुसलमान, वाणी, गुजराथी कुटुंबांत, एखादी वही असेल जिच्यात रोशाच्या गवताचा दर लिहिला आहे. एखादा बुधला माळ्यावर पडला असेल, एखादी तांब्याची भट्टी आता पाणी तापवायला वापरात असेल. पाड्यांवर 'वरचं' आणि 'खालचं' ओळखणारी शेवटची पिढी अजून आहे. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये, मोडीत काढू नये. या अंकाच्या संपादकांकडे दोन ओळी लिहून पाठवल्या तरी मी एसटीने येऊन पाहून जाईन. तीस हजार भाऱ्यांपैकी एकाचा तरी दर सापडला, तर या हकिकतीला पहिला खरा पत्ता मिळेल.